एकाच मापाच्या दोन गाठी

दोन बायका आहेत असं समजा. दोघींना गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, दोघींची गाठ पाच सेंटिमीटरची आणि टप्पाही एकच. उपचारही एकच ठरतो: पाच आठवडे रोजचं रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध आणि मग ब्रेकीथेरपी, म्हणजे गाठीजवळ आतूनच दिलेलं रेडिएशन. एकीची गाठ विरघळून जाते, दुसरीची वर्षभरात परत येते. असं का होतं, याचं उत्तर गाठीच्या मापात सापडत नाही. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा आजार होतो आणि त्यांतल्या कितीतरी जणी गाठ वाढल्यावरच येतात. म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

नेहमीचा एमआरआय गाठीचा आकार उत्तम दाखवतो. गाठ गर्भाशयमुखाच्या बाहेर, बाजूच्या ऊतींमध्ये सरकली आहे का, हे तपासणाऱ्या बोटांपेक्षा तो बरंच अचूक सांगतो. २०१८मध्ये ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने टप्पा ठरवताना अशा तपासण्यांना अधिकृत जागा दिली, ते योग्यच झालं. पण गाठीच्या आत काय चाललंय, हे पाहायला फंक्शनल एमआरआय लागतो. हे नाव आपण मेंदूच्या संदर्भात ऐकतो. इथे विचार गाठीतल्या पाण्याचा आणि रक्ताचा आहे.

आधी पाणी. शरीरातले पाण्याचे रेणू सतत हलत असतात. कर्करोगाच्या पेशी इतक्या दाटीने वाढतात, की त्या रेणूंना हलायला जागा उरत नाही. दादरच्या पुलावर संध्याकाळी माणसांचं होतं तसं. डिफ्यूजन स्कॅन हा एमआरआयचाच प्रकार ही अडवणूक मोजतो. त्यातून मिळणाऱ्या आकड्याला एडीसी म्हणतात. निरोगी गर्भाशयमुखात तो जास्त असतो, गाठीत कमी. रेडिएशनने पेशी मरू लागल्या की जागा मोकळी होते आणि आकडा चढतो. बरेचदा हा चढ गाठ आकसायच्या आधी दिसतो. उपचार सुरू असतानाच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तो लागू पडतोय का याचा अंदाज येणं ही मोठी गोष्ट आहे, कारण सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवायचे असतात.

आता रक्त. पेशीला प्राणवायू कमी पडला तर रेडिएशनचा परिणाम निम्म्याहून खाली येऊ शकतो. जर्मनीत माइन्झ इथल्या डॉक्टरांनी गाठीत सुईसारखा इलेक्ट्रोड घालून प्राणवायू मोजला. ज्यांच्या गाठीत तो कमी होता, त्या रुग्णांची प्रकृती पुढे जास्त वाईट राहिली, हे त्यांनी १९९६मध्ये मांडलं. पण प्रत्येक बाईच्या गाठीत सुया घालणं शक्य नाही. त्याऐवजी एमआरआयमध्ये उजळून दिसणाऱ्या गॅडोलिनियम या औषधाचं इंजेक्शन देऊन दर काही सेकंदांनी चित्रं घेतात. औषध भराभर पोचलं तिथे रक्तपुरवठा चांगला. जिथे जेमतेम झिरपलं, ती जागा उपाशी. अमेरिकेत नीना मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकातच दाखवलं, की अशा कमी उजळणाऱ्या गाठी परत येण्याचा धोका अधिक असतो.

यात एक अडचण आहे, ती आपल्याकडे वारंवार येते. वाढलेली गाठ मूत्रवाहिनी दाबते, मूत्रपिंड सुजतं, त्याचं काम मंदावतं आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. मग गॅडोलिनियम देताना हात आखडतो. म्हणजे जिची गाठ सर्वांत नीट पाहायला हवी, तिलाच इंजेक्शन देणं कठीण. डिफ्यूजनला इंजेक्शन लागत नाही, काही मिनिटं पुरतात आणि दीड टेस्ला चुंबकशक्तीच्या साध्या मशीनवर तो होतो.

तरीही एडीसीचा एखादा आकडा घेऊन उपचार बदलावेत, असं मी म्हणणार नाही. मशीन बदललं की आकडा बदलतो, सेटिंग बदललं तरी बदलतो. आतड्यातल्या हवेने चित्र वाकडं होतं. गाठीचा कुजलेला भाग मोजमापात आला, तर आकडा उगाच चांगला दिसतो. म्हणून तुलना त्याच बाईच्या आधीच्या स्कॅनशी करावी, शक्यतो त्याच मशीनवर. जिल्ह्याच्या ठिकाणी जिथे एमआरआय आहे, तिथे उपचाराआधीच्या स्कॅनमध्ये डिफ्यूजन धरावंच आणि ब्रेकीथेरपीच्या वेळी एमआरआय होणार असेल तर तेव्हा पुन्हा घ्यावं. त्या वेळी जो भाग अजून दाट दिसतो, तो रेडिएशनचा आराखडा आखणाऱ्या डॉक्टरांच्या समोर असायला हवा.