तिळातिळानं वाढणारा दिवस

(दृश्य: पहाट. हरभऱ्याच्या शेतावर दव.)

मकर संक्रांत कधी असते? शाळकरी मूलही सांगेल, चौदा जानेवारीला. बाकीच्या सणांसाठी कॅलेंडर चाळावं लागतं, ही तारीख मात्र आपल्याला तोंडपाठ. तरीही ती पक्की नाही.

स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आणखी शंभर वर्षं मागे जाऊ. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. ऐन संक्रांतीला मराठ्यांवर तो घाला पडला, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. पण त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती आणि संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. आता ती कधी १४ ला येते, कधी १५ ला. पुढच्या शतकात १६ जानेवारीलाही येऊ लागेल.

(दृश्य: रात्रीचं आकाश. तारे संथपणे फिरताहेत.)

असं का होतं? आपली पंचांगं सूर्याची जागा ताऱ्यांच्या संदर्भानं मोजतात. सूर्याने मकर राशीत पाऊल टाकलं की संक्रांत. ऋतू मात्र ताऱ्यांवर ठरत नाहीत, ते पृथ्वीच्या कललेल्या अक्षावर ठरतात. हा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डोलतो. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं भरतं. ही वीस मिनिटं साठत जातात आणि साधारण बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते.

म्हणूनच आज उत्तरायण सुरू होतं २१ किंवा २२ डिसेंबरला, संक्रांतीच्या तीन आठवडे आधी. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत. स्वतंत्र भारतात पंचांग सुधारण्यासाठी १९५२ साली शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९५७ पासून लागू झालेल्या आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौष महिना २२ डिसेंबरला सुरू होतो, म्हणजे सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तेव्हा. सणांच्या तारखा मात्र जुन्याच मोजणीनं चालू राहिल्या. त्यात काही बिघडलं असं मला वाटत नाही. कारण संक्रांतीला ताटात आणि सुगडात जे येतं, ते जानेवारीच्या शेतात असतं, डिसेंबरच्या नव्हे.

(दृश्य: बाजार. कुंभाराकडे मांडलेली सुगडं.)

आदल्या दिवशी भोगी. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी.’ वालपापडी, वांगी, गाजर, सोललेला ओला हरभरा, शेंगदाणे असं सगळं एकत्र शिजवायचं आणि वर तिळाचं कूट. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मुगाची खिचडी. दुसऱ्या दिवशी सुगडं पुजायची. आत काय असतं ते नीट पाहा: हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, उसाचे करवे, बोरं, शेंगा, गाजराचे तुकडे. तिथल्या शिवारातला त्या आठवड्याचा हिशेबच तो, मातीच्या चिमुकल्या भांड्यात भरलेला.

आणि तीळ. हडप्पाच्या उत्खननात जळून काळे पडलेले तीळ सापडले आहेत. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीही या उपखंडात तिळाचं पीक निघत होतं. आपल्याकडे तो खरिपात पेरतात. दिवाळीच्या आगेमागे घरात येतो आणि थंडीत स्निग्ध म्हणून हवाहवासा वाटतो.

(दृश्य: परात जवळून. बोटांची हालचाल. पाकाचा थेंब.)

घरी हलवा करणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत, त्यामुळे इथे जरा थांबू. शेगडीवर अगदी मंद आच. परातीत मूठभर तीळ. बाजूला साखरेचा पाक. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि बोटांनी तीळ हलकेच फिरवत राहायचं, तो सुकेपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली की साखर पिवळी पडते. तासन् तास हे चालतं, आणि मग कधीतरी दाण्यावर बारीक काटा उभा राहू लागतो. कोरडी थंडी हवी, हवा ढगाळ असली की काटा धरत नाही, असं जाणत्या बायका सांगतात. याच हलव्याचे हार, बाजूबंद, बिंदी ओवून नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला सजवायचं, काळ्या साडीवर. लहानग्याचं बोरन्हाण असतं तेव्हा काळ्या झबल्यावर हेच दागिने चढतात. मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतला जातो आणि जमलेली मुलं खाऊ वेचायला तुटून पडतात.

(दृश्य: हळदीकुंकवाला जमलेल्या बायका.)

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं. वाण लुटलं जातं, तिळगूळ दिला जातो. ज्या काळी बाईला कारणाशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता, त्या काळी हे दिवस तिच्या हक्काचे होते. पण याच उंबऱ्यावर तिची विधवा जाऊ, विधवा बहीण अडवली गेली, हेही तितकंच खरं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं गावाने नाकारलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आज काही ठिकाणी हळदीकुंकवाला सगळ्याच बायकांना बोलावतात. सर्वत्र बोलवायला हवं. तिळगूळ नवरा आहे की नाही ते पाहून द्यायचा नसतो.

(दृश्य: अंगण. तुळशीपुढे रांगोळीतला सात घोड्यांचा रथ.)

माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी. अंगणात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध तापवतात आणि मुद्दाम उतू जाऊ देतात. पूर्वेकडे उतू गेलं तर चांगलं. एरवी उतू गेलेल्या दुधावरून घरात बोलणी बसतात, आज तोच नैवेद्य.

सूर्याचा हा दिवस माघातच का? याचा धागा मला वेदांग ज्योतिषात दिसतो. त्या ग्रंथात उत्तरायणाचा आरंभ माघ शुद्ध प्रतिपदेला सांगितला आहे, सूर्य-चंद्र धनिष्ठा नक्षत्राशी असताना. हे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं आकाश. शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहत पडलेल्या भीष्मांची पुण्यतिथीही रथसप्तमीच्या दुसऱ्याच दिवशी, माघ शुद्ध अष्टमीला पाळतात. म्हणजे माघाचा पहिला पंधरवडा, मकर संक्रांत आणि २२ डिसेंबर, ही तीन वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी एकाच घटनेची करून ठेवलेली नोंद असावी.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो, असं घरात सांगतात. तो डिसेंबरच्या अखेरीपासूनच वाढत असतो, पण संध्याकाळच्या टोकाकडून. सकाळ मात्र उशिराच होत राहते. मुंबईत वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर होतो, सव्वासातच्या सुमारास. त्यानंतर सूर्य पुन्हा लवकर उगवू लागतो आणि रथसप्तमी येईपर्यंत दिवस दोन्ही टोकांनी वाढायला लागलेला असतो.