राखलेल्या रानाचा खर्च कोण सोसतो?

मित्रहो, पाऊस पडला की आपल्या धुळे-नंदुरबार-जळगावात रोपं लावायची धांदल उडते. ती जरूर उडावी. पण मला बोलायचंय ते त्यानंतरच्या मे महिन्याबद्दल. डोंगर वाळलेला असतो, बकऱ्यांना चारा नसतो, घरात सरपण नसतं. त्या दिवसांत जो माणूस कुऱ्हाड घरी ठेवतो, त्याचं नुकसान होतं. हे नुकसान कोणी सोसायचं, यावर रान टिकणार की नाही हे ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी पाण्याच्या बाबतीत सोडवला होता. पांझरा, बुराई, कान, मोसम या नद्यांवरची फड पद्धत इथल्या ज्येष्ठांनी पाहिलेली असेल. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालचं क्षेत्र फडांमध्ये विभागलेलं. एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी द्यायचं ते गावानं नेमलेल्या पाटकऱ्यानं. शेतकऱ्यानं परस्पर पाटाचं दारं फोडायचं नाही. आणि यातली खरी शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. बहुतेकांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असायची. नदीला पाणी कमी आलं तर एखादा फड कोरडा ठेवायचे, आणि त्याचा फटका सगळ्यांनाच थोडा थोडा बसायचा. एकट्याचं घर बुडत नसे. पुढे वर धरणं झाली, विहिरी आणि बोअर आले, आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले.

जंगलाच्या बाबतीत हेच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं करून दाखवलं. गुजरातच्या सीमेजवळचा कोकणा आदिवासींचा हा छोटा पाडा. तिथलं जंगल तुटून गेलं होतं, विहिरी आटल्या होत्या, बायका पाण्यासाठी लांब जायच्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी बसून नियम केले. झाड तोडायचं नाही, तोडलं तर दंड. जंगलात बैलगाडी न्यायची नाही, कारण गाडी आत गेली की लाकूड गाडीनं बाहेर येतं. राखणदार गावानं नेमायचा. असं करत सुमारे अकराशे एकर रान त्यांनी उभं केलं. रानासोबत पाणी अडवण्याची कामं झाली, विहिरींना पाणी राहू लागलं, भातशेती सुधारली. २००४पासून तिथे वनभाजी महोत्सव भरतो. गावोगावच्या बाया रानातल्या भाज्या रांधून आणतात. कुठली भाजी कधी खुडायची, कुठली किती वेळा उकळून पाणी टाकायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं. २०२५मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. त्याचा मला अतोनात आनंद झाला. पण माझ्या मनात पहिली दोन-चार वर्षं येतात. भाजी नव्हती, पाणी नव्हतं, नाव नव्हतं, नुसती बंदी होती. त्या वर्षांत ज्या घरांनी लांबून काटक्या वेचून आणल्या, त्यांनी हे रान उभं केलंय.

धुळे तालुक्यातल्या लामकानीनं डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली आणि उघड्या माळावर गवत परत आणलं. तिथे दुष्काळी पट्टा आहे, गवतच तिथलं धन. झाडं लावण्याच्या उत्साहात आपण कुरणं विसरतो, हेही सांगून ठेवतो.

आता कायदाही पाठीशी आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनहक्क दिला, आणि जंगल, वन्यजीव, पाणलोट राखण्याचा अधिकारही दिला. बारीपाड्यानं नियम केले तेव्हा असा कायदा नव्हता.

सातपुड्यात काय राखायचं आहे ते एका पक्ष्यानं जगाला कळवलं. रानपिंगळा. १८८४नंतर खात्रीची नोंद नाही, म्हणून तो नामशेष झाला असं मानत होते. १९९७च्या नोव्हेंबरात तो शहाद्याजवळ सापडला. पुढे यावलच्या जंगलातही दिसला. सागाच्या रानातली जुनी, ढोली असलेली झाडं त्याला लागतात. ती तोडली की पिंगळ्याचं घर गेलं.

आणि आता रावेर-यावल-चोपड्याच्या बागायतदारांना एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या केळीचं पाणी गाळाच्या थरातून बोअरनं वर येतं. त्या थरात पाणी मुरतं त्याचा मोठा भाग सातपुड्याच्या पायथ्याशी, गोट्या-रेतीच्या पट्ट्यात. वरच्या उतारावर झाडोरा असला तर पाणी थांबत थांबत येतं, मुरतं. उतार बोडका असला तर नाल्यांतून तापीला आणि तिथून समुद्राला. तापी पुनर्भरणाच्या, म्हणजे तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या, मोठ्या प्रकल्पासाठी १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला. तो होईल तेव्हा होईल. डोंगरातला पाडा आजच बकऱ्या कमी करतो, आजच राखणीला माणूस देतो, आणि त्याच्या रानातलं पाणी खाली तुमच्या बागेत उतरतं.

मग राखणदाराचा पगार एकट्या पाड्यानं का द्यावा? माझी मागणी साधी आहे. पायथ्याच्या प्रत्येक सोसायटीनं केळीच्या दर क्विंटलमागे एक रुपया बाजूला काढावा. तो वरच्या ग्रामसभेच्या खात्यात जमा करावा, राखणदाराच्या पगारासाठी आणि चराईबंदीच्या वर्षांत चाऱ्यासाठी. त्याचा हिशेब ग्रामसभेनं मांडावा आणि तो ऐकायला तुम्ही वर जावं. इथे बाजार समितीची मंडळी बसली आहेत. येत्या हंगामापासून सुरुवात करता येईल का, एवढं मला आज सांगा.