तेलाची कुपी जरा लांब ठेवा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दुरुस्तीसाठी माळ्यावरून उतरवलेलं टाइपरायटरचं मशिन गोदरेजचं आहे, आणि ते साहजिक आहे. 1955 साली गोदरेजने टाइपरायटर बाजारात आणला. पुढे कितीतरी वर्षं कचेऱ्या, टायपिंग इन्स्टिट्यूट आणि कोर्टाबाहेरची टेबलं याच मशिनवर चालली. 2009च्या सुमारास उत्पादन थांबलं. आता एखादा भाग हवा असेल तर तो बहुधा दुसऱ्या मेलेल्या मशिनमधूनच काढावा लागतो. म्हणून माझं म्हणणं असं, की स्क्रू ढिला करण्याआधी मशिन भरपूर बघा. आणि तेल घालू नका.

तेलाचं सांगतो. कळ मारली की अक्षर घेऊन कागदावर आपटतो तो दांडा म्हणजे बार. हे बार ज्या अर्धगोल खाचांमध्ये बसतात त्याला सेगमेंट म्हणतात. तिथे तेल सोडलं की दोन दिवस मशिन झकास चालतं. मग त्यावर धूळ बसते, चिकटा होतो आणि वर गेलेला बार खाली यायचं नाव घेत नाही. त्यात खोडरबराचा चुरा असतोच. शिस्तीचा टायपिस्ट खोडण्याआधी कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, एका टोकाला सरकवायचा, म्हणजे चुरा बाहेर पडायचा. बाकीच्यांनी तो थेट मशिनच्या पोटात पाडला! तर जुन्या टूथब्रशला थोडं पेट्रोल लावून एकेक खाच घासा, बार हाताने वर-खाली करा, फडक्याने टिपा, पुन्हा घासा. खिडक्या उघड्या हव्यात, आसपास गॅस किंवा उदबत्ती नको. पेट्रोल रंगावर आणि कागद ज्यावर गुंडाळतो त्या रोलरच्या रबरावर सांडू देऊ नका. बोटाने उचललेला बार सोडल्यावर अडखळत नाही, आपला आपण खाली पडतो, तेव्हा थांबा.

मराठी मशिनवाल्यांची एक खास तक्रार असते: अमुक मात्रा मारली की कॅरेज पुढे सरकत नाही. अहो, ती सरकायचीच नसते. मात्रा आणि अक्षर एकाच जागी बसायला हवं, म्हणून त्या कळा तशा केलेल्या असतात. तिथे दुरुस्ती करायला गेलात तर चांगलं मशिन बिघडवाल.

कुठलीच कळ मारून कॅरेज हलत नसेल, तर आधी कॅरेजचं लॉक आणि मार्जिन बघा. मग कॅरेज हाताने डावीकडे ढकला. टकटक करत सहज सरकली, पण स्वतःहून ओढली जात नसेल, तर मागचा पट्टा तुटलाय किंवा निसटलाय. हा पट्टा एका गोल डब्यावर गुंडाळलेला असतो आणि डब्यात स्प्रिंग असते. डबा एका हाताने घट्ट धरल्याशिवाय काहीही सोडू नका. सुटला तर गरागरा फिरून बोटं फोडतो. पट्ट्याऐवजी मासेमारीची जाड नायलॉन दोरी छान चालते. स्प्रिंगला पीळ बेताचाच द्या. ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत कॅरेज ओढली गेली की पुरे. जास्त पिळलंत तर मशिन अक्षरं गाळायला लागतं आणि मग तुम्ही भलतीकडेच दोष शोधत बसता.

अक्षर उमटतच नाही? नवी रिबन आणायला धावू नका. रिबनचा रंग बदलणारा खटका बघा. काळा, लाल आणि तिसरी जागा स्टेन्सिलची, म्हणजे सायक्लोस्टाइलच्या प्रती काढायच्या मेणकागदाची. त्या जागी रिबन वर उचललीच जात नाही, कारण स्टेन्सिल नुसत्या टाइपानेच, म्हणजे बारच्या टोकावरच्या धातूच्या अक्षरानेच कापायचा असतो. घरातल्या पोरांनी खटका फिरवलेला असतो आणि मशिन माझ्याकडे रिक्षातून येतं. अक्षरांची पोटं भरलेली असतील, 'ब'चा आणि 'व'चा गोळा दिसत असेल, तर कोरड्या ब्रशने टाइप साफ करा. टाचणीने कोरू नका, धातूवर ओरखडा पडला की तो कागदावर कायमचा उमटतो.

राहिला रोलर. रबर जुनं झालं की दगडासारखं कडक होतं, कागद घसरतो, अनुस्वार आणि पूर्णविराम कागदाला भोकं पाडतात. पॉलिश पेपर मारून रबर मऊ होत नाही. छापखान्यांच्या रोलरवर नवं रबर चढवून देणारे कारागीर अजून आहेत, त्यांना विचारा. तोवर टाइप करायच्या कागदामागे एक जाड कागद लावा. चला, आता झाकणं काढा, तुमचीच मशिनं बघू.