आवणीला आलेले पाहुणे

(दृश्य : डोंगरातला एसटी थांबा. जुलैचा पाऊस. पाठीवर सॅक घेतलेले दोघं उतरतात. गाडी पुढे जाते.)

नाशिकहून निघालेली एसटी त्र्यंबक मागे टाकते आणि डोंगरात शिरते. आमचा थांबा आला की कंडक्टरच विचारतात, "शेतावरचे पाहुणे का?" इथून पुढे अर्धा तास चिखलातून चालायचं. शेतावर वीज मंडळाची तार पोचलेली नाही आणि नळही नाही. साडेचार एकर डोंगरउतार. खाचरात भात, वर माळावर नागली (नाचणी) आणि वरई, बांधाला उडीद. रासायनिक खत नाही, फवारणी नाही.

इथे लोक राहायला येतात. पुण्याचे, मुंबईचे, बंगळुरूचे, कधी परदेशातले. दिवसाला चार-पाच तास काम करतात, आमच्याच ताटात जेवतात, आमच्याच छपराखाली झोपतात. पैसा कुणी कुणाला देत नाही.

ही पद्धत जुनी आहे. १९७१ मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड यांना शनिवार-रविवारी शहराबाहेर पडायची ओढ लागली. त्यांनी चार माणसं जमवली आणि एका सेंद्रिय शेतावर दोन दिवस काम केलं. त्यातून 'वूफ' हे शेतकरी आणि असे पाहुणे यांना जोडणारं जाळं उभं राहिलं आणि आज कितीतरी देशांत चालतं. पण तिथली गोष्ट जशीच्या तशी इथे लागू होत नाही. का, ते पुढे सांगते.

(दृश्य : घराचं छप्पर, पन्हाळी, फेरोसिमेंटची टाकी.)

आधी पाण्याचं सांगते. त्र्यंबक तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमचं छप्पर १०० चौरस मीटरचं. म्हणजे एकट्या छपरावर दोन लाख लिटर पाणी पडतं. टाकी आहे २० हजार लिटरची. बाकीचं सगळं काळ्या खडकावरून वाहून जातं. गोदावरी ज्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, त्याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन कोरड्या विहिरीत उतरतात.

जानेवारीअखेर झरा आटतो. तिथून पाऊस येईपर्यंत साधारण १३० दिवस. वीस हजाराला भागा : दिवसाला दीडशे लिटर. त्यात स्वयंपाक, पिणं, अंघोळ, भांडी. म्हणून फेब्रुवारीनंतर आम्ही दोघांपेक्षा जास्त पाहुणे घेत नाही. कितीही आर्जवाचं पत्र आलं तरी नाही. त्या दिवसांत टाकीवर पट्टी लावून पाणी मोजायचं काम पाहुण्यांकडेच असतं. चार दिवस पट्टी बघितली की अंघोळीची बादली आपोआप अर्धी होते. सांगावं लागत नाही.

(दृश्य : छपरावरचे सोलर पॅनल, वर ढग.)

विजेच्या बाबतीत चूक आमची झाली. पहिल्या पावसाळ्यात एका मुलानं चहासाठी विजेची किटली लावली. आमचं पॅनल एक किलोवॉटचं, किटली दीड किलोवॉटची. त्यात आठवडाभर सूर्य दिसलेला नव्हता. बॅटरी बसली, पंप बंद, घरात अंधार. तो बिचारा माफी मागत होता. पण त्याला कुणी सांगितलं होतं? शहरात बटण दाबलं की वीज येते, एवढंच तो बघत आलेला. आता पहिल्या संध्याकाळी आम्ही पाहुण्याला बॅटरीजवळ नेतो आणि ती किती भरलीय, ढगाळ दिवसात तीवर काय चालेल, काय नाही, हे दाखवतो. रात्री बाहेर पडताना टॉर्च आणि गमबूट विसरायचे नाहीत, हेही तिथेच सांगतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं – चारही विषारी साप या डोंगरात आहेत.

चहा मात्र गोबरगॅसवर. दोन घनमीटरच्या प्लँटला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. सकाळी ते हातानं कालवायचं. पहिल्या दिवशी बोटांच्या टोकांनी, तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत.

परदेशी पाहुणा असला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची. रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, तरी ते चुकवायचं नाही.

(दृश्य : माळावर नागलीचं शेत, वाकलेल्या पाठी.)

नागलीच्या निंदणीचा एक दिवस मी विसरणार नाही. चार जणांना वावरात सोडून आम्ही खाचराकडे गेलो. परत आलो तर एक अख्खा पट्टा स्वच्छ झालेला. नागली उपटलेली आणि गवत उभं! रानातलं एक गवत अगदी नागलीसारखंच दिसतं, दोघं एका कुळातलेच. पाड्यावरच्या आजी आल्या. बोलल्या काही नाहीत. पोरांना शेजारी बसवलं आणि एकेका रोपाला हात लावायला सांगितलं. "हे?" "राहू दे." "हे?" "काढ." तास-दीड तास हेच. शेवटी पोरांचे हात न विचारता चालायला लागले. त्या रात्री नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी होती. एका मुलीनं ताटात पडलेला भाकरीचा चुराही बोटानं टिपून खाल्ला.

(दृश्य : पहाट. रस्त्याच्या कडेला पिकअपमध्ये चढणारे मजूर.)

आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पावसाळा संपला की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. मुलाबाळांसकट. आपल्या गावात मजुरी मिळाली तर ती हवीच असते. अशा ठिकाणी मी शहरातून फुकट हात बोलवायचे आणि शेजारणीला कामावरून काढायचं? मग माझं शेत कितीही सेंद्रिय असलं तरी मला ते माझं म्हणवणार नाही.

म्हणून एक नियम केला आणि तो मोडलेला नाही. आवणी (भाताची लावणी), निंदणी आणि कापणीला पाड्यावरची माणसं येणार, गावात चालते तीच मजुरी देऊन. पाहुणे त्यांच्या बरोबरीनं चिखलात उतरतील, त्यांच्या जागी नाही. शेण-गोमूत्राचं जीवामृत ढवळणं, बांध घालणं, पाणी मोजणं, शेण कालवणं, एवढं काम पाहुण्यांना पुरतं. पहिला आठवडा तर त्यांच्या मदतीपेक्षा शिकवण्यातच आमचा वेळ जास्त जातो. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा कमी राहणाऱ्याला आम्ही घेत नाही.

(दृश्य : ओटा. संध्याकाळ. पैसे मोजणारे हात.)

मागच्या आवणीला संध्याकाळी मी ओट्यावर दिवसाची मजुरी वाटत होते. पुण्याहून आलेली मुलगी तिथेच पाय धूत होती. एका बाईनं पैसे कनवटीला लावले आणि तिच्याकडे बघत मला विचारलं, "ताई, हिला किती?"

"हिला काही नाही. ही शिकायला आलीय."

बाई थोडा वेळ गप्प राहिली.

"शिकायला आलीय तर मग तसं सांगायचं ना आधी."

दुसऱ्या दिवशी खाचरात उतरल्या उतरल्या ती त्या मुलीच्या कालच्या कोपऱ्यात गेली. एकेका चुडात भातरोपांच्या सात-सात, आठ-आठ काड्या लावलेल्या. तिनं सगळा कोपरा उपटला, मूठ मुलीच्या हातात दिली, दोन काड्या सोडवून दाखवल्या आणि म्हणाली, "लाव. मी बघते."