धनुष्याआधीचं वर्ष

(ओहोळाकाठी आडवं पडलेलं झाड. पहाटेचं धुकं.)

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं हे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. पोफळींच्या पलीकडे पडलेली ही धामण गेल्या पावसात मुळासकट उन्मळली. धामण म्हटलं की आपल्याला साप आठवतो, झाड नाही. संस्कृतात मात्र ह्याच झाडाला ‘धनुर्वृक्ष’ म्हणतात. गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षण कायदा आहे; उभं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि पडलेली धामण? ती बहुतेक वेळा सरपणात जाते. ते आम्हाला खटकत होतं, म्हणून कॅमेरा घेऊन आम्ही तिचं धनुष्य करणाऱ्या मेस्तांच्या, म्हणजे सुतारांच्या, मागे लागलो.

(पाचरीवर घाव. ओंडका उकलतो.)

मेस्त करवत लावत नाहीत. पाचर ठोकतात, आणि लाकूड आपल्या रेषेनं उकलतं. ती चीर बघा, गाठीला कशी वळसा घालून गेली! करवतीला असं वळता येत नाही, ती वाटेतले तंतू कापत सरळ जाते. धनुष्य ओढलं की सगळा ताण त्याच्या पाठीवर, म्हणजे ओढणाऱ्यापासून पलीकडच्या बाजूवर, येतो आणि तुटलेला तंतू तिथंच उचकटतो. म्हणून पाठीकडची फक्त साल सोलायची, खालच्या लाकडाला हत्याराचा ओरखडाही लागू द्यायचा नाही.

(दोन्ही टोकांना लेप. बोटांचे ठसे.)

ही शेणमाती. लाकडातलं पाणी कडेपेक्षा टोकांतून कितीतरी पटीनं लवकर जातं. टोक आधी सुकून आकसतं, आतलं लाकूड अजून ओलं, ते काही आकसत नाही. ह्या ओढाताणीत टोक तडकतं आणि तडा आत धावतो. लेप लावला की टोकं सावकाश सुकतात. लेप वाळून भेगाळला की मेस्त पुन्हा लावतात. तिसऱ्यांदा लावताना आम्ही तिथं होतो.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत उकललेला फाळका सावलीत, वाऱ्याला. ऊन अजिबात नाही. मग चुलीवरच्या माळ्यावर, कारण गोव्याच्या पावसाळी हवेत सुकलेलं लाकूडही पुन्हा ओल धरतं. पावसाळा सगळा त्या धुरात गेला.

(दारामागची फळी. खडूचे आकडे.)

दर सोमवारी दुकानातल्या काट्यावर वजन. २ किलो ७४०. ७२०. ७१०. पुन्हा ७१०. पुन्हा ७१०. आता ह्यातून जायचं तेवढं पाणी गेलं. धनुष्याच्या लाकडात आठ-दहा टक्के ओल हवी. जास्त असली तर धनुष्य ओढलेल्या जागी बाक धरून बसतं. फारच कमी झाली तर तडकतं.

आधीचं एक धनुष्य घाईत, चौथ्याच महिन्यात तासलं होतं. ते मोडलं, ओढणाऱ्या पोराच्या गालाला टाके पडले.

(मेस्त फाळका खाली उतरवतात. बोटाच्या पेरानं ठोकून कान लावतात. खणखणीत आवाज.)

मधोमध मुठीची जागा. तिथून दोन्हीकडे कोळशाची रेघ.

(लाकूड तासायच्या वाकसाचा पहिला घाव. इथून निवेदन नाही.)