ब्रेकखाली जाणारं पेट्रोल

(पुण्यातल्या एका सोसायटीत रविवारी सकाळी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, सातारा रस्त्यावर माझं गॅरेज आहे. ३१ वर्षांत गिऱ्हाइकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच: "गाडी अ‍ॅव्हरेज का देत नाही?" आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर बॉनेटखाली नसतं.

आधी आकड्याचं बघू. आपल्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था आहे, तिचं नाव तुम्ही गाड्यांच्या जाहिरातीत अ‍ॅव्हरेजच्या आकड्याशेजारी वाचता. तो आकडा येतो कुठून? प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या क्रमानं वेग कमी-जास्त करत चालवतात. एसी बंद असतो, वेग ९० च्या पुढे जात नाही. आकडा खोटा नसतो, पण त्यात संध्याकाळचा सिंहगड रस्ता नसतो. म्हणून तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या मागच्या महिन्याशी. टाकी पहिल्या कट-ऑफपर्यंत, म्हणजे पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप थांबेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या खेपेला त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कट-ऑफपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरनं भागा. तीन-चार टाक्या अशा वहीत लिहिल्या की गाडीची तब्येत कळायला लागते.

आता मुख्य गोष्ट. साधारण एक टनाची गाडी ६० च्या वेगानं चालली आहे. तिला तेवढा वेग द्यायला इंजिननं जे पेट्रोल जाळलं, ते हिशेब केला तर १७ मिलिलिटरच्या आसपास येतं. म्हणजे चहाचे तीन चमचे. तुम्ही सिग्नलला कचकन ब्रेक मारलात की ते तीन चमचे ब्रेकचे लायनर तापवण्यात गेले. पुन्हा ६० गाठायला आणखी तीन चमचे. लोक अ‍ॅक्सिलरेटरला जपतात, हळूहळू दाबतात, ते चांगलंच आहे. पण पेट्रोल खरं वाया जातं ते ब्रेकवर. म्हणून नजर पुढच्या गाडीच्या डिकीवर ठेवू नका, चार गाड्या पलीकडे ठेवा. लांबचा सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय उचला. कित्येकदा तुम्ही पोचेपर्यंत हिरवा होतो आणि गाडी थांबवावीच लागत नाही.

पाय उचला म्हणालो, न्यूट्रल करा म्हणालो नाही. हे नीट ऐका. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल हवेच्या ओढीनं इंजिनात जायचं त्या जमान्यात उतारावर न्यूट्रल करायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारं पेट्रोल बंद होतं. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे वाचतंही नाही, वर गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलावर एका ट्रकमुळे चाळीसहून जास्त गाड्यांचा चुराडा झाला. डिझेल वाचवायला चालकानं उतारावर इंजिनच बंद केलं होतं, असं तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आलं. त्या उतारावरून मी रोज जातो. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर न्यूट्रलमध्ये सुटलेली गाडी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

वेगाचं थोडक्यात सांगतो. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. एक्सप्रेसवे साधारण ९५ किलोमीटरचा. ८० नं गेलात तर ७१ मिनिटं, १०० नं गेलात तर ५७. चौदा मिनिटांसाठी किती जाळायचं ते तुम्ही ठरवा. आणि टपावरचा कॅरिअर गावाहून आल्यावर उतरवून ठेवा, तोही हवा अडवतो.

आता देखभाल. एअर फिल्टर बदला, अ‍ॅव्हरेज वाढेल, असं मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो; फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं नाही. फिल्टर बदलाच, इंजिनसाठी बदला. पण त्यातून पेट्रोल वाचेल ही आशा धरू नका.

त्यापेक्षा चाकांकडे बघा. एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. १६ चं अ‍ॅव्हरेज १२ वर आलेलं. दुसरीकडे प्लग बदलून झाले होते, इंजेक्टर साफ झाले होते, सात हजार गेले होते. मी म्हटलं, "ताई, कात्रजपर्यंत जाऊन येऊ." परत आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला. तीन कोमट. डावं मागचं असं तापलेलं की हात झटकन मागे आला, आणि जळक्या लायनरचा वास. पावसाळ्यात गाडी दीड महिना चिपळूणला उभी होती, हँडब्रेक ओढलेला. केबल गंजून जाम झाली होती आणि लायनर ड्रमला घासत होते. बाई तीन महिने एक चाक ब्रेकमध्ये धरून गाडी चालवत होत्या! केबल बदलली, लायनर बदलले, पुढच्या टाकीला वहीत साडेपंधरा लागले. गाडी पावसात बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागा बघा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा.

राहिली हवा. ती कमी असेल तर टायर रस्त्यावर पसरतो आणि गाडी जड ओढते. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं. पंपावरचा पोरगा म्हणेल तेवढी नव्हे. आणि मोजायची टायर थंड असताना, कारण चालून आलेल्या टायरमध्ये हवा तापून आकडा वाढलेला दिसतो. आज रविवार आहे, तुमच्या गाड्या रात्रीपासून खाली उभ्या आहेत. मी गेज आणि पंप बरोबर आणलाय. चहा झाला की पार्किंगमध्ये या, एकेकाची मोजून देतो.