मागच्या बाकावर जागा असते

[मासुंदा तलाव. रविवारची सकाळ. फिरायला आलेली माणसं, तलावाकाठचं चर्च.]

तलावपाळीला येणाऱ्या बहुतेक ठाणेकरांनी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च निदान बाहेरून तरी पाहिलेलं असतं. आत मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू आहे. आज आपण बोलणार आहोत ते एकेकाळी इथे येणाऱ्या आणि आता न येणाऱ्या माणसांबद्दल. अशी माणसं ठाण्यात आहेत, ऐरोलीत आहेत, वाशी-नेरूळमध्येही आहेत. कुणाचं फादरशी वाजलं. कुणी रजिस्टर लग्न केलं आणि घरातच अबोला झाला. आई गेली तेव्हा कुणी देवाशी बोलणं सोडलं. पण पुष्कळांच्या बाबतीत असं काही घडलेलंच नसतं. नाईट शिफ्टमुळे एक रविवार चुकतो, मग दुसरा. मग फक्त नाताळ आणि ईस्टर उरतात, आणि एका वर्षी तेही राहून जातात.

सोडून जाणं इतकं सोपं असतं. परत येणं का अवघड होतं?

[जुना नकाशा: ठाण्याची खाडी, सोपारा.]

या शहराच्या ख्रिस्ती आठवणीत एप्रिल १३२१ ची जागा मोठी आहे. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस हे परदेशातून आलेले चौघे फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात मारले गेले. पोर्तुगीज भारतात यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं होती, तरी हे पाहुणे उतरले होते इथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबाकडे. त्या घरातलं नवरा-बायकोचं भांडण काझीपुढे गेलं, पाहुण्यांना साक्षीला बोलावलं, आणि तिथे गोष्ट धर्मावर आली. आपल्या श्रद्धेवरून ते हटले नाहीत. जोर्दानस नावाच्या त्यांच्या सोबत्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं.

जे हटले नाहीत त्यांचं काय करायचं, हे चर्चला चटकन कळतं. त्यांचा सण पाळायचा. जे हटले, त्यांचं काय?

[रोमन नाणी. पपायरसचा तुकडा.]

हा प्रश्न पहिल्यांदा जोरात पेटला तो इ. स. २५० मध्ये. रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला: प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे दाखले सापडले आहेत. सरकारी कागदाची कोरडी भाषा, खाली सही. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे चारून दाखला मिळवला (कागद मिळवायच्या वाटा सगळ्या काळात सारख्याच). पुढच्याच वर्षी डेसियस लढाईत मारला गेला आणि हे सगळे पुन्हा दाराशी आले.

रोममध्ये नोवेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना आत घेणं चर्चच्या हातात नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी दार उघडं ठेवलं, पण फुकटात नव्हे, आधी प्रायश्चित्त. दाखलावाल्यांना लवकर आत घेतलं, बळी देणाऱ्यांना जास्त थांबवलं. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांनाच आत घेतलं, म्हणजे संकटात कुणी एकटं पडू नये. याच सिप्रियन यांनी २५८ मध्ये स्वतः मरण पत्करलं. दयाळू माणूस श्रद्धेला सैल असतो, असं म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं. अखेर चर्चने वाट धरली ती सिप्रियन यांची. ३२५ च्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेने तर ठरवलं की मरणाच्या दारात असलेल्याला शेवटचा ख्रिस्तप्रसाद नाकारायचा नाही.

[राखेचा बुधवार. संध्याकाळची रांग. ऑफिसच्या बॅगा खांद्यावर.]

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, म्हणजे लेंटच्या, पहिल्या दिवशी कपाळावर लावतात त्या राखेचीही अशीच कहाणी आहे. एकेकाळी ही राख फक्त जाहीर प्रायश्चित्त करणाऱ्यांना लावत. ते वेगळे उभे राहत, सगळ्यांना दिसतील असे. मध्ययुगात ती सगळ्यांनाच लावायची पद्धत पडली. आज झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) वाळलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि ती फादरच्या कपाळावरही लागते. वर्षभर न फिरकलेला माणूस या एका संध्याकाळी रांगेत उभा राहतो आणि कुणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. मला वाटतं, तो नेमका याच दिवशी येतो, त्याचं कारण हे असावं.

एरवी मात्र लोक वळून पाहतात. कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली देताना, सांगितलेलं बाहेर फुटत नाही. फोडणारा फादर आपोआप बहिष्कृत होतो, इतका तो कायदा कडक आहे. पण बाकावर बसल्यावर ‘काय, आज सूर्य कुठे उगवला?’ असं हसत विचारणाऱ्याला कुठलाच कायदा नाही. माणूस देवाला भितो त्याहून जास्त या वाक्याला भितो.

[उघडं बायबल. लूककृत शुभवर्तमान, अध्याय १५.]

आपला वाटा घेऊन घर सोडणाऱ्या, तो उधळून परत येणाऱ्या धाकट्या मुलाची, म्हणजे उधळ्या पुत्राची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती सांगितली कुणाला, हे मात्र निसटतं. येशू पापी लोकांसोबत जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांना ती सांगितली, म्हणजे घरीच राहिलेल्यांना. धाकटा मुलगा वाटेत एक वाक्य जुळवून आलेला असतो: मला तुमच्या चाकरांपैकी एकासारखं ठेवा. बाप त्याला ते पुरतं बोलूही देत नाही. झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा. शेतातून आलेला थोरला रागावून बाहेरच थांबतो, तर बाप त्याची समजूत घालायलाही बाहेर येतो. थोरल्याचा राग खोटा नाही. त्याने खरंच राबून काढलं होतं. पण धाकट्याला तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो.

[बाप्तिस्म्याची नोंदवही. पानं उलटणारा हात.]

परतणाऱ्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. कॅथलिक कायद्यात तो दुसऱ्यांदा देताच येत नाही. लग्न चर्चबाहेर झालं असेल तर त्यासाठी फादरशी बोलून काही गोष्टी निस्तराव्या लागतात; तिथे वेळ लागतो, कधी बराच. आपल्या फादरसमोर जायचा संकोच असेल, तर कन्फेशनला दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागातल्या चर्चमध्ये, गेलेलं चालतं. लेंटमध्ये पुष्कळ ठिकाणी बाहेरचे फादरही येऊन बसतात.

आणि तो मिस्साला येऊन तुमच्या शेजारी बसला, तर थोडं सरकून जागा द्यावी. इतकी वर्षं कुठे होतास, हे विचारू नये. गाण्याचं पुस्तक अर्धं त्याच्याकडे धरावं. मिस्सा संपल्यावर बोलायचंच असेल तर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवर बोलावं, तो विषय कुणालाच परका नाही.